तळ्याच्या पंधरा मिनिटं अलीकडे

बाबा, दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या ग्रुपमधल्या काकांचा फोन आला होता. तुम्ही गेल्यापासून दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ते सगळे तुमच्या आठवणीसाठी त्या तळ्यावर जातात. अठरा वर्षं झाली, एकदाही चुकलेलं नाही. आता त्यांच्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेलेत, पण मुलं, सुना, नातवंडं येतात, वर बसून डबे उघडतात आणि तुमच्याबद्दल बोलतात. मी कधी गेले नाही. दर वर्षी काहीतरी कारण सांगते. या वर्षी काकांनी मला कारण सांगायला वेळच दिला नाही. "अगं, या वेळी तू दोन शब्द बोलायचेस. दोन मिनिटं फक्त. इंग्लिशमध्ये लिहिलंस तरी चालेल, मुलांना कळायला पाहिजे. तुझे बाबा म्हणजे चालताबोलता एन्सायक्लोपीडिया होते. एक फूल दाखवा, नाव तयार, कूळसुद्धा तयार." मी म्हटलं, आईला विचारते, येतेस का म्हणून. तर ते म्हणाले, "छे गं, वहिनींना कशाला त्रास? त्यांना कुठे आवड होती हायकिंगची? तुझे बाबाच सांगायचे, हिला आवड नाही, ही आपली गाडीत बरी." मी "हो काका" म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ते दोन शब्द लिहायला बसते आहे आणि कागद बाजूला सारते आहे. मी बोलणारी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ऑफिसमध्ये सगळे मला शांत म्हणतात. मीटिंगमध्ये कुणी माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं तरी मी घरी येऊन भांडी घासते आणि विसरते. पण "हिला आवड नाही" हे वाक्य मला विसरता येत नाही. ते काकांचं नाही, तुमचं आहे. तुम्ही ते इतक्या वेळा आणि इतक्या सहज म्हणालात की शेवटी ते खरं झालं. आईसुद्धा ते म्हणायला लागली.

आईची आवड काय होती ते मी तुम्हाला सांगायला नको. सांगलीला ती आठ वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होती. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेली होती. लग्नात तिनं तुमच्या घरी ज्या दोन ट्रंका आणल्या, त्यांतल्या एकीत वाळवून कागदावर चिकटवलेली झाडं होती. आजी त्यावरून चेष्टा करायची, सुनेनं पालापाचोळा आणला म्हणून. ती नोकरी सोडून आई तुमच्यामागे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आली आणि दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये तीन खिडक्यांतून पार्किंगमधली मेपलची झाडं बघत बसली. तिला गाडी चालवता येत नव्हती, तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. आल्या वर्षीच तिला हरतालिकेचा प्रश्न पडला. सोळा प्रकारची पत्री आणायची कुठून? आघाडा नाही, बेल नाही, रुई नाही, धोत्रा नाही. मला आठवतं, ती ओट्याशी उभी राहून मला समजावून सांगत होती, "नावं नसू देत. देवीला काय, सोळा प्रकारची पानं मिळाल्याशी कारण. इथली झाडं इथली पत्री." मी दहा वर्षांची होते. मला ते सगळं जरा विचित्रच वाटत होतं. शाळेत माझ्या डब्याला वास येतो म्हणून मुली लांब बसायच्या, ते ताजं होतं.

त्या वर्षी हरतालिका ऑगस्टच्या शेवटी आली होती, आणि तिच्या आधीच्या शनिवारी तुम्ही आम्हाला पहिल्यांदा त्या तळ्यावर नेलंत. तुमच्या कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं की यंदा बर्फ उशिरा वितळला, वर अजून फुलं आहेत. आय-नाइन्टीवरून तासभर, मग कच्च्या रस्त्यावर पंचवीस मिनिटं. वाट सुरू होते तिथं लाकडी पेटी होती, आतमध्ये फॉर्म आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. किती माणसं, किती वाजता, कुठे जाणार. तुम्ही चष्मा लावून तो फॉर्म असा भरलात जसा काही इमिग्रेशनचा कागद आहे. माणसं, चार. धाकटा सहा वर्षांचा, त्याला तुम्ही खांद्यावर घेतलंत. आईनं पंजाबी ड्रेस, त्यावर तुमचं जुनं जॅकेट आणि गराज सेलमधले पांढरे बूट घातले होते. कपाळावर ठसठशीत कुंकू. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास, आणि एक रिकामा स्टीलचा डबा. आत ओलं फडकं.

त्या दिवशी आईला चालताना तुम्ही पाहिलंत का, बाबा? मला नाही वाटत. तुम्ही पुढे होतात, धाकट्याला गोष्ट सांगत. ती मागे मागे राहत होती, पण दमली म्हणून नाही. ती वाकत होती. प्रत्येक झाडापाशी वाकून पान उलटं करून बघत होती, देठाला नख लावून वास घेत होती. जंगल संपून उघडा उतार लागला तेव्हा ती उभीच राहिली. उतारभर फुलं. जांभळी, लाल, पांढरी, मध्येच पिवळी. मी आईला कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं, निदान अमेरिकेत तरी नाही. ती मला म्हणाली, "हे बघ, ही जांभळी शेंगवर्गातली. आपल्या तुरीची चुलत बहीण. पान बघ, तळहातासारखं आहे. मधोमध पाण्याचा थेंब कसा धरून ठेवलाय." एका पानामागे एक ती वाटेच्या कडेची पानं खुडत होती, एका जातीचं एकच, आणि फडक्यात ठेवत होती. "बारा झाली. तेरा. ही वेगळी का? हो, वेगळी. चौदा." तिथून वर पंधरा मिनिटांवर तळं होतं.

तिथंच वरून जंगलखात्याच्या रेंजरबाई खाली येत होत्या. हॅट, पाठीवर फावडं बांधलेली सॅक, गोरा उन्हानं रापलेला चेहरा. त्या थांबल्या. आईच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात जांभळ्या फुलांचा गुच्छ. रेंजरबाईंनी ही फुलं कुणी तोडली असं विचारलं. आईनं तोडली असं कळल्यावर त्या आईकडे वळल्या आणि अगदी शांतपणे बोलायला लागल्या. इथली फुलं वर्षात चार-सहा आठवडेच असतात, बी धरू दिलं नाही तर पुढच्या वर्षी येत नाहीत, असं काहीतरी. आई ऐकत होती. मान हलवत होती. तिला शब्दन् शब्द कळत होता, कारण हेच ती सांगलीला आठवीच्या मुलांना शिकवायची. ती "आय ॲम" एवढंच म्हणाली आणि तेवढ्यात तुम्ही वळणावरून धावत खाली आलात. धाकटा खांद्यावर हिंदकळत होता. तुम्ही आईच्या पुढे हात आडवा केलात, रस्त्यावर गुराला अडवतात तसा, आणि म्हणालात, "सॉरी, ऑफिसर. व्हेरी सॉरी. शी डझन्ट नो. शी इज नॉट ॲन एज्युकेटेड पर्सन. शी इज फ्रॉम व्हिलेज."

मी हे वाक्य बत्तीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिलं.

रेंजरबाई गोंधळल्या. त्या दंड करणार नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या. त्या म्हणाल्या, इट्स ओके, फक्त जे तोडलंय ते इथंच बाजूला ठेवा. मग आई वाटेच्या कडेला उकिडवी बसली आणि फडक्यातली पानं एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली. ओतली नाहीत. एकेक करून ठेवली, चौदाच्या चौदा, आणि वर ती फुलं. तुम्ही घड्याळ बघत होतात. रेंजरबाई गेल्यावर तुम्ही मराठीत म्हणालात, "ग्रीन कार्डाची फाइल पडलीय तिकडे आणि तुला पाला गोळा करायला सुचतंय." आईनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. तिथं एक आडवं पडलेलं झाड होतं, त्यावर जाऊन बसली. म्हणाली, "तुम्ही जाऊन या." आणि बाबा, तुम्ही गेलात. "आलोच आहोत तर मुलांना दाखवून आणतो," असं म्हणून आम्हाला घेऊन वर गेलात, तिला तिथं रिकाम्या डब्यासकट बसवून. आम्ही पाऊण तास तळ्यावर होतो. पाणी हिरवंनिळं होतं, पलीकडच्या काठाला बर्फ होता. तुम्ही आम्हाला चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढायला शिकवल्या. तुमचा दगड सात वेळा उडाला. खाली आलो तर ती तशीच बसलेली होती. तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात. मला वाटलं, आता तिलाही सॉरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "थर्मासमध्ये चहा उरलाय का?"

तिनं ओतून दिला.

चार दिवसांनी तिनं तुमच्यासाठी निर्जळी उपास केला. अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या झाडाझुडपांची पानं आणली होती, सात प्रकारची. ज्या माणसानं तिला अडाणी ठरवलं, त्याच्याच नावाचा उपास. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता विचार आला की डोकं गरम होतं.

त्यानंतर आई कधीच वर आली नाही. तुम्ही दर उन्हाळ्यात दर शनिवारी आम्हाला कुठल्या ना कुठल्या तळ्यावर न्यायचात. ती यायची, डबे करायची, पुढच्या सीटवर बसायची, आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीतच राहायची. विणकाम, लायब्ररीचं पुस्तक, काच थोडी खाली केलेली. डासांमुळे पूर्ण खाली करता यायची नाही. तुम्ही फॉर्मवर लिहायचात, माणसं तीन. नियम म्हणजे नियम, वर जातील तितकीच माणसं लिहायची. पुढे इतर मराठी कुटुंबं यायला लागली, ग्रुप झाला. कुणी विचारलं, "वहिनी नाही येत?" की तुमचं उत्तर तयार असायचं. तिलाही मग तीच सवय झाली. "मला नाही बाई आवड, तुम्ही जा."

आणि तो एन्सायक्लोपीडिया. काका लोकांना तुमचं जे कौतुक आहे ना, ते मला अजिबात सहन होत नाही, कारण मी स्वयंपाकघरात बसून गृहपाठ करायचे आणि मला माहीत आहे तो कुठून आला. शनिवारी संध्याकाळी तुम्ही टेबलाशी बसायचात आणि आई पोळ्या लाटायची. तुम्ही वहीत बघून सांगायचात, "पाच पाकळ्या, खाली शेपटासारखं काहीतरी, लाल आणि पिवळं, खाली मान घातल्यासारखं." ती विचारायची, "पान कसं? देठावर लव होती? पाण्याजवळ होतं का?" तुम्हाला आठवायचं नाही, तर म्हणायची, "पुढच्या वेळी नीट बघून या." सोमवारी मला लायब्ररीत पाठवून पुस्तक मागवायची, शोधायची, आणि तुम्हाला नाव, कूळ, कशाचं भावंड ते सगळं सांगायची. पुढच्या शनिवारी तुम्ही ते वर सगळ्यांना सांगायचात. मी तुमच्या मागेच चालत असायचे. "हे शेंगवर्गातलं बरं का, आपल्या तुरीची चुलत बहीण." लोक म्हणायचे वा. तुम्ही एकदाही, एकदाही म्हणाला नाहीत की हे माझ्या बायकोनं सांगितलं, ती खाली गाडीत बसलीय.

तुम्ही आजारी होतात त्या शेवटच्या हिवाळ्यात मी एकदा धीर केला होता. आई घरी गेली होती आंघोळीला, हॉस्पिटलच्या खोलीत आपण दोघंच होतो. मी विचारलं, "बाबा, आईला तुम्ही त्या रेंजरसमोर जे बोललात, त्याबद्दल तिला कधी काही म्हणालात?" तुम्हाला आठवायला वेळ लागला. मग हसलात. "ते होय? अगं, त्यात काय एवढं. सुटलो ना आपण?" आणि माझ्याकडे पाणी मागितलंत. मी दिलं. तुम्हाला स्ट्रॉनं पाणी पाजताना मी इतकी चिडले होते की कप दोन्ही हातांनी धरावा लागला. तुम्ही आजारी होतात म्हणून मी गप्प बसले, आणि मग तुम्ही गेलात, आणि मग सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. मेलेल्या माणसावर चिडायला जागाच मिळत नाही, बाबा. तुमच्या फोटोला हार घालणारी आईच असते.

आता आजचं सांगते. आई बहात्तरची झाली. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सप्टेंबरमध्ये ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, एडिसनला धाकट्याकडे राहायला जाते आहे, कायमची. तिथं चालत जाता येईल अशा अंतरावर भाजी आहे, देऊळ आहे, तिच्या वयाच्या बायका आहेत. तिचा निर्णय आहे आणि बरोबर आहे. पण तिथं हे डोंगर नाहीत. काकांचा फोन आल्यावर मी हिशेब केला, हा तिचा इथला शेवटचा उन्हाळा. तेहतीस वर्षं ती या डोंगरांपासून तासाभराच्या अंतरावर राहिली आणि तिनं त्यांतलं एकही तळं पाहिलेलं नाही.

मी जेवताना विचारलं, "आई, मंगळवारी मी सुट्टी घेतलीय. तळ्यावर जाऊ या?" ती म्हणाली, "जाऊ की. मी गाडीत बसते, तू जाऊन ये." अगदी सहज. आमटी वाढता वाढता. मी ताट सरकवलं. तिला वाटलं आमटी खारट झालीय.

मंगळवारी आम्ही गेलो. रस्ता तसाच खड्ड्यांचा आहे. पार्किंग लॉटमध्ये आता जागा मिळत नाही म्हणून सातला निघालो होतो. गाडी लावली, इंजिन बंद केलं. तिनं विणकाम काढलं. मी सीट मागे केली आणि डोळे मिटले. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "जा की." मी म्हटलं, "मला पण नाही आवड." तिच्या सुया चालू होत्या. लोक येत होते, बूट बांधत होते, कुत्र्यांना पाणी पाजत होते, निघून जात होते. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "अगं, इतक्या लांब पेट्रोल जाळत येऊन गाडीत बसायचं म्हणजे काय मूर्खपणा." मी म्हटलं, "तू तर तेच केलंस, आठ-नऊ उन्हाळे." तिनं सुया गुंडाळल्या. खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "चल. पण मी हळू चढणार. आणि मध्ये मध्ये 'आलंच आता' असलं काही म्हणायचं नाही, तुझे बाबा म्हणायचे तसं."

फॉर्म तोच आहे, पेन्सिलही दोरीला बांधलेली. मी लिहिलं, माणसं दोन.

दोन मैलांना आम्हाला तीन तास लागले. ती काठी टेकत चढत होती आणि वाकायचं असलं की आधी माझा खांदा धरत होती. पहिला तासभर तिची नजर पायाखालच्या वाटेवरच होती. मग दगडांच्या राशीतून कुठलातरी लहान प्राणी शिट्टी वाजवल्यासारखा ओरडला तेव्हा दचकली आणि हसली, आणि मग जी बोलायला लागली ती थांबेचना. हे दोडक्याच्या घरचं नाही, याला फसू नकोस. हे गाजराच्या घरचं, यातलं काही खायचं नाही, यात विषारी फार. ही सूर्यफुलाच्या कुळातली, पाकळी वाटते ते एकेक फूल असतं. एक अमेरिकन जोडपं थांबून ऐकायला लागलं, तेव्हा तिनं तेच इंग्रजीत सांगितलं, शाळेत सांगतात तसं, सावकाश, बोटानं दाखवून. त्या बाईनं विचारलं, आर यू अ बॉटनिस्ट? आई म्हणाली, "आय वॉज अ टीचर." मी बाजूला वळून सनस्क्रीन लावत बसले.

ती जागा मी ओळखली. आडवं झाड आता अर्धं कुजून मातीत गेलंय. मला वाटलं होतं तिच्या लक्षात येणार नाही. ती थांबली, काठीनं त्या कुजलेल्या लाकडाला टोचलं, म्हणाली, "बरेच नेचे आलेत की यावर." आणि पुढे चालायला लागली.

तळं दिसल्यावर ती किती तरी वेळ नुसती उभी होती. पाणी तसंच, हिरवंनिळं. पलीकडे बर्फाचा एक पट्टा. मी वाट बघत होते की ती काय म्हणेल. ती म्हणाली, "लहानच आहे की. तुझ्या बाबांनी सांगितलं त्यावरून मला वाटलं बरंच मोठं असेल." मग बूट काढून पाय पाण्यात घातले आणि गारठ्यानं "आई गं" म्हणून पटकन बाहेर काढले.

आम्ही दगडावर बसलो. मी दशम्या काढल्या, मीच केल्या होत्या, कडक झाल्या होत्या. आणि मी तिला सांगितलं. तुम्ही आयुष्यभर जे केलंत ते सगळं मी तिला सांगितलं, म्हणजे ते वाक्य, तो आडवा हात, तो चहा, हॉस्पिटलमधलं बोलणं, काकांचा फोन. मी कधी इतकं बोललेली नाही. म्हटलं, त्यांनी तुझी माफी मागायला हवी होती, आणि मी त्यांना सोडणार नाही. ती दशमीचा तुकडा मोडत ऐकत होती. मग म्हणाली, "घाबरले होते गं ते. त्या दिवशी हात कापत होता त्यांचा. मला लागत होता ना तो, मला कळलं. घाबरलेला माणूस काहीही बोलतो." मी म्हटलं, ठीक आहे, मग नंतर? चौदा वर्षं? ती म्हणाली, "नंतर दर शनिवारी मला फुलं सांगायचे. पान बघायला विसरायचे, पण सांगायचे. तेवढ्यावर चाललं माझं." मी म्हटलं, "मग तू कधीच वर का आली नाहीस? त्यांच्यामुळेच ना?"

ती पाण्याकडे बघत होती. "त्यांचा राग दोन दिवसांत गेला माझा. ते घाबरले होते. तू मात्र घाबरली नव्हतीस. तुला माझी लाज वाटली होती. ते मला दिसलं. म्हटलं, पोरीला लाज वाटते, आपण खालीच बसावं. तू मोठी झाल्यावर येणार होते, मग राहूनच गेलं." हे ती रागावून म्हणाली नाही. आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाली, आणि मग लगेच, "दहा वर्षांची होतीस तू. दशमीत तेल कमी पडलंय."

बाबा, ती फुलं आईनं तोडली नव्हती. ती पानं खुडत होती, वाटेच्या कडेची, एका जातीचं एकच. ती जांभळी फुलं मी तोडली होती, उतारात शिरून, मूठभर, आणि तिच्या हातात दिली होती. ती मला म्हणत होती, "अगं, एवढी कशाला," तेवढ्यात रेंजरबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे बघून हसून विचारलं होतं, ही सुंदर फुलं कुणी तोडली? मी म्हटलं, "माय मॉम." दोनच शब्द. तुम्ही तेव्हा वळणाच्या पलीकडे होतात, तुम्हाला हे कधीच कळलं नाही. तुम्ही आलात तेव्हा ती आधीच गुन्हेगार ठरलेली होती, आणि तुम्ही तुमच्या परीनं तिला सोडवायला निघालात. तुम्ही सोडवलंत ते वाईटच सोडवलंत. त्याबद्दलचा माझा राग गेलेला नाही आणि मी तो गेला असं म्हणणार नाही. हॉस्पिटलमधल्या तुमच्या त्या हसण्याचा तर मुळीच नाही. पण तुम्हाला जाब विचारला तेव्हाही मी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं.

काकांना मी आत्ता चार ओळी पाठवल्या. त्यांत लिहिलंय की बाबांना फुलांची नावं आई सांगायची, आणि त्या ओळी कृपया शनिवारी सगळ्यांसमोर वाचाव्यात. हे पत्र मात्र कुणाला वाचायला देणार नाही. आईलाही नाही.

कारण मंगळवारी तळ्याकाठी ती तसं म्हणाल्यावर मला कळत होतं की आता म्हणायचं. ती समोर होती, आजूबाजूला कुणी नव्हतं, वाऱ्याचाही आवाज नव्हता. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "आई, चहा ओतू का?"

तिनं कप पुढे केला.